बिऱ्हाड जसंच्या तसं हलवा



आज लोणची-पापड बाजूला ठेवते आणि घरातल्या कॉम्प्युटरबद्दल लिहिते. हा बायकांचा विषय आहे का, असं कोणाला वाटेल. पण बघा, वीजबिल भरणं, मुलांची सर्टिफिकेटं सांभाळणं, लग्नातले फोटो, महिला मंडळाचा जमाखर्च, दुकानाच्या टॅलीतल्या नोंदी, यातलं अर्धंअधिक काम कोण करतं? मग ज्या पेटीत हे सगळं ठेवलंय, ती भरली तर काय करायचं हेही आपल्याला कळायला हवं.

डिस्क भरली, ‘धिस पीसी’ उघडलं की सी ड्राइव्हची पट्टी लाल दिसायला लागली, मशीन रखडायला लागलं, की दुरुस्तीवाल्याचं एक ठरलेलं वाक्य असतं. “काकू, फॉरमॅट मारावा लागेल.” आपणही मान डोलावतो. माझं स्पष्ट मत आहे की जागा संपली हे फॉरमॅट मारण्याचं कारणच होऊ शकत नाही. घर लहान पडलं म्हणून कोणी संसार जाळत नाही, मोठं घर बघतो. तसंच इथे. मोठी डिस्क घ्यावी आणि जुनीवरची ऑपरेटिंग सिस्टीम, तिच्यातल्या सगळ्या प्रोग्रॅमसकट, सेटिंगसकट, जशीच्या तशी तिच्यावर हलवून घ्यावी. याला ‘क्लोन’ करणं म्हणतात. मी त्याला बिऱ्हाड हलवणं म्हणते.

सी ड्राइव्हमध्ये नक्की काय असतं?

“काकू, तुमचा डी ड्राइव्ह सेफ आहे, फक्त सी उडेल,” असं पुढचं आश्वासन असतं. पण सीमध्ये फक्त विंडोज असतं असं समजू नका. डेस्कटॉपवर आपण जे टाकतो ते सीमध्येच असतं. ‘डॉक्युमेंट्स’, ‘डाउनलोड्स’, ‘पिक्चर्स’ हे फोल्डरही सहसा तिथेच. ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर, बिलं छापायच्या प्रिंटरची जुळवणी, सगळं सीमध्ये.

माझ्या एका जावेचे शिवणक्लास आहेत. तिच्या मशीनचा असाच फॉरमॅट झाला. डी ड्राइव्ह खरोखरच सेफ होता, आणि रिकामा होता! विद्यार्थिनींची यादी, मापं, फीच्या नोंदी, सगळं डेस्कटॉपवर होतं. त्या दुकानदाराचं म्हणणं, “आम्ही आधीच सांगितलं होतं.” सांगितलं होतं हे खरं, पण तिला कळेल असं सांगितलं नव्हतं.

आमच्या घरची गोष्ट आणखी वेगळी. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, शेवटच्या काही वर्षांत कॉम्प्युटरवर आठवणी लिहीत बसत. सांगलीचा हळदीचा बाजार, हरिपूरची पेवं, अडत दुकानातली माणसं. सव्वाशेच्या वर पानं आहेत. लिहिली आहेत श्रीलिपीत. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ही श्रीलिपी एके काळी महाराष्ट्रातल्या छापखान्यांत आणि कचेऱ्यांत सर्रास वापरत. आजच्या युनिकोड मराठीत प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो, त्यामुळे ते कुठेही उघडतं. जुन्या श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये तसं नाही. त्यात इंग्रजी चिन्हांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट मशीनवर असेल तोवर मराठी दिसतं. फॉन्ट गेला की फाइल तीच राहते, पण उघडली की कंस, टक्के, इंग्रजी अक्षरं यांचा चिवडा दिसतो.

आणि फॉन्ट कुठे असतात? विंडोजच्या फोल्डरमध्ये, म्हणजे पुन्हा सी ड्राइव्हमध्येच. अण्णांची सीडी आता सापडत नाही. सापडली तरी ती घालायला नवीन मशीनला खाचच नाही. म्हणजे फॉरमॅट मारला असता तर अण्णांची फाइल डीमध्ये सुखरूप राहिली असती आणि कोणालाही वाचता आली नसती. म्हणून मी म्हणते, ऑपरेटिंग सिस्टीम हीसुद्धा आपल्या कागदपत्रांचाच भाग आहे. घराची किल्ली घराबाहेर टाकून घर राखता येत नाही.

कॉपी-पेस्ट का चालत नाही?

मला पहिल्यांदा वाटलं होतं ते तुम्हालाही वाटेल. सगळं सिलेक्ट करा, कॉपी करा, नव्या डिस्कवर पेस्ट करा. त्यात फोटो जातील, पत्रं जातील, पण त्या डिस्कवरून मशीन सुरू होणार नाही. कारण मशीन सुरू करणारा भाग आपल्याला दिसतच नाही. हल्लीच्या मशीनमध्ये डिस्कवर एक छोटं वेगळं पार्टिशन असतं, तिथे सुरुवातीच्या सूचना असतात. दुरुस्तीसाठी आणखी एक रिकव्हरी पार्टिशन असतं. शिवाय विंडोज चालू असताना त्याच्या कितीतरी फाइली त्यानेच धरून ठेवलेल्या असतात, त्या साध्या कॉपीत येत नाहीत.

क्लोन करणारं सॉफ्टवेअर फाइलींच्या नावांकडे बघत बसत नाही. ते डिस्कची मांडणीच उचलतं. कुठलं पार्टिशन कुठे, किती मोठं, त्यात काय, सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवतं. हे काही कालपरवाचं तंत्र नाही. १९९० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये ‘घोस्ट’ नावाचा प्रोग्रॅम निघाला आणि १९९८ मध्ये सिमँटेकने तो विकत घेतला. आज ‘क्लोनझिला’ नावाचा तैवानमध्ये तयार झालेला प्रोग्रॅम फुकट मिळतो. सॅमसंग, वेस्टर्न डिजिटल, क्रुशल या कंपन्याही आपल्या डिस्कसाठी असं सॉफ्टवेअर देतात. म्हणजे ‘ते होत नाही हो काकू’ हे खरं नाही. होतं. फक्त फॉरमॅटमध्ये कमी डोकं लागतं.

नव्याने टाकणं कधी बरोबर?

फॉरमॅटवाल्यांची बाजू अगदीच खोटी नाही, तीही सांगते. क्लोन म्हणजे हुबेहूब नक्कल. त्यात जुनी घाणही येते. बिऱ्हाड हलवताना पेटाऱ्यातून झुरळंही नव्या घरी येतात, तसं. मशीनमध्ये व्हायरस असेल, विंडोज स्वतःच बिघडलेलं असेल, निळा पडदा येऊन मशीन सारखं बंद पडत असेल, तर नक्कल करून काही साधणार नाही. तिथे आधी सगळी माहिती बाहेर काढून नव्यानेच विंडोज टाकावं.

दुसरं, जुनी डिस्कच मरायला टेकली असेल, कटकट आवाज येत असेल, तर क्लोन मध्येच अडकू शकतो. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, ती दाखवणारी फुकट साधनं आहेत. क्लोनच्या आधी ती नोंद बघायला सांगा. तब्येत वाईट असेल तर सगळ्यात आधी महत्त्वाच्या फाइली तेवढ्या काढून घ्याव्यात, बाकीचं नंतर.

पण मशीन ठणठणीत आहे आणि फक्त जागा संपली आहे, अशा वेळी फॉरमॅट म्हणजे डोकं दुखतं म्हणून डोकं कापणं.

आम्ही कसं केलं

आमच्याकडे ५०० जीबीची जुनी, फिरणाऱ्या तबकडीची हार्ड डिस्क होती. तिच्यात सी फक्त १२० जीबीचा, बाकी डी आणि ई. दुकानातून मशीन आणताना असे तुकडे करूनच देतात. त्या जागी १ टीबीची एसएसडी घेतली. एसएसडीत फिरणारं काही नसतं, त्यामुळे जागा वाढतेच, शिवाय वेगही वाढतो. घेण्याआधी आपल्या मशीनला कुठल्या आकाराची बसते हे विचारून घ्यावं.

मी बी.कॉम. झाले तेव्हा कॉम्प्युटर पाहिलेलाही नव्हता, पण वह्या लिहायला शिकले होते. वर्ष संपलं की जुन्या वहीची अखेरची शिल्लक नव्या वहीत आरंभीची शिल्लक म्हणून ओढायची. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय जुनी वही बंद करायची नाही. हार्ड डिस्क बदलण्याचं काम नेमकं असंच आहे.

१. आधी आवरासावर केली. नको ते व्हिडिओ, एकेक फोटोच्या चार-चार प्रती, कधीच न उघडलेले प्रोग्रॅम काढले. जेवढं कमी तेवढं लवकर. २०० जीबी माल असेल तर चांगल्या केबलने पाऊण-एक तास पुरतो, जुन्या यूएसबी २ ने त्याला सहज दीड-पावणेदोन तास लागतात.

२. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत तिसऱ्याच, बाहेरच्या डिस्कवर घेतली. ही पायरी चुकवू नका. क्लोन करताना ‘कुठून’ आणि ‘कुठे’ असं विचारतात. ते उलटं निवडलं गेलं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सगळं पुसलं जातं. म्हणून डिस्कचं नाव आणि आकार दोघांनी मोठ्याने वाचायचे. आमच्याकडे नातवाने वाचले, मी कागदावर लिहून घेतले, मगच बटण दाबलं.

३. डिस्कला कुलूप आहे का ते पाहिलं. हल्लीच्या बऱ्याच मशीनमध्ये बिटलॉकर किंवा त्यासारखी गुप्तलिपी आपोआप सुरू असते. तिची ४८ आकड्यांची रिकव्हरी की असते. ती आधी शोधून कागदावर उतरवून ठेवावी. नाहीतर नवी डिस्क लावल्यावर मशीन तीच मागत बसेल.

४. क्लोन झाल्यावर मशीन बंद करून जुनी डिस्क काढली आणि पहिल्यांदा फक्त नव्या डिस्कवर सुरू केलं. दोन जुळ्या डिस्क एकदम लावल्या तर विंडोजचा गोंधळ उडू शकतो. शिवाय दोन्ही लावलेल्या असल्या तर मशीन नव्यावर चाललंय की जुन्यावर, हे आपल्यालाही कळत नाही.

५. मग जागा वाढवली. इथे बरेच जण फसतात. डिस्क मोठी घेतली तरी सी ड्राइव्ह आधी होता तेवढाच दिसतो, कारण नक्कल तेवढ्याच आकाराची झालेली असते. उरलेली जागा शेवटी मोकळी पडलेली असते. विंडोजच्या स्वतःच्या साधनाने फक्त लगतची जागा जोडता येते. आपल्या सीच्या आणि मोकळ्या जागेच्या मध्ये डी किंवा रिकव्हरी पार्टिशन उभं असतं. दोन खोल्यांच्या मध्ये शेजाऱ्याची खोली असली तर भिंत पाडून काय उपयोग? मधलं पार्टिशन पुढे सरकवणारं वेगळं सॉफ्टवेअर लागतं, किंवा क्लोन करतानाच पार्टिशन प्रमाणात मोठी करण्याचा पर्याय निवडावा लागतो. दुरुस्तीवाल्याला हे आधीच सांगा, “सी वाढवून हवा आहे.”

आणि हो, १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसते. दुकानदाराने कापलेले नाहीत! कंपनी हजारच्या हिशेबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या हिशेबाने. शेर आणि किलोसारखी मापं वेगळी, माल तेवढाच.

६. शेवटी ताळा. दुकानाच्या टॅलीचं तेरीजपत्रक मी आदल्या दिवशी छापून ठेवलं होतं. नव्या डिस्कवर तेच उघडून आकडा-आकडा ताडून पाहिला. मोठ्या फोल्डरच्या फाइलींची संख्या दोन्हीकडे मोजली. अण्णांची फाइल उघडली, मराठी दिसलं. प्रिंटर चालला, डिजिटल सिग्नेचर चालली. विंडोजचा परवाना मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असतो, डिस्कशी नाही, त्यामुळे तोही तसाच राहिला. टॅलीसारख्या विकतच्या सॉफ्टवेअरचा परवाना मात्र आधी विचारून घ्यावा. काही वेळा तो जुन्या ठिकाणी सोडून नव्या ठिकाणी पुन्हा सुरू करावा लागतो.

हे हौसेखातर नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाच्या वह्या त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात. कंपनी असेल तर २०१३ च्या कायद्याने ८ आर्थिक वर्षं. पाच वर्षांपूर्वीच्या बिलाबद्दल नोटीस आली तर “आमचा फॉरमॅट झाला हो” हे उत्तर चालत नाही.

जुनी डिस्क कोणाला देऊ नका

काम झालं की विचारतात, “जुनी ठेवू का इकडेच? थोडे पैसे कमी करतो.” नाही म्हणा. एक तर महिनाभर तीच आपली हमी आहे. काही राहून गेलं असेल तर त्यातूनच मिळेल. दुसरं, तिच्यावर आपले पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंटं, नातवंडांचे फोटो आहेत. फाइल डिलीट करणं म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं, पानं आतच असतात. जाणकार माणूस ती वाचू शकतो. महिना झाला, सगळं ठीक आहे अशी खात्री पटली, की जुनी तबकडीची डिस्क पूर्ण पुसून घ्यावी, म्हणजे तिच्यावर शून्यं लिहून घ्यावीत. ‘क्विक फॉरमॅट’ने ते होत नाही. मग ती बाहेरची डिस्क म्हणून घरातच वापरा. अगदीच निकामी असेल तर भंगारवाल्याला देऊ नका, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत ठिकाणी द्या. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

मोठं घर, पण किती सामान?

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहते. डिस्क मोठी झाली की साठवण्याची हाव वाढते. आपल्याकडे परिग्रहाला मर्यादा घालायला सांगितली आहे. कपडे, भांडी, दागिने यांची मोजदाद आपण करतो, पण न दिसणाऱ्या साठ्याची कोणी करत नाही. सकाळी आलेल्या शुभेच्छांचे फोटो टेराबाइटमध्ये जपून काय मिळवणार? म्हणून मी ठरवलंय, दर वर्षी चातुर्मास बसायच्या आधी धान्याचे डबे घासते तेव्हा ही पेटीही आवरायची. नवी डिस्क निम्म्याच्या वर भरू द्यायची नाही. मोकळी जागा असली की मशीनही नीट चालतं.

त्याच विचाराची दुसरी बाजू अशी, की चालतं मशीन टाकून नवं घेणं हाही अपव्ययच. आमचं मशीन आता आधीपेक्षा झपाट्याने सुरू होतं, आणि खर्च झाला तो एका डिस्कचा. अर्थात ज्यांच्या मशीनवर अजून विंडोज १० आहे त्यांनी लक्षात ठेवावं, त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिस्क बदलल्याने विंडोज नवं होत नाही. मशीन विंडोज ११ पेलतं का हे आधी तपासा, पेलत असेल तर क्लोन करून मग त्यावर चढवा.

तेव्हा मैत्रिणींनो, दुरुस्तीला मशीन देताना तीन प्रश्न नक्की विचारा. क्लोन करून देणार का? सी ड्राइव्ह वाढवून देणार का? आणि जुनी डिस्क माझ्या हातात परत देणार का? तिन्हींना ‘हो’ मिळालं तर खुशाल काम द्या, आणि जमलं तर शेजारी खुर्ची टाकून बसा. एका प्रश्नालाही उत्तर टाळलं गेलं, तर मशीन उचलून दुसरं दुकान गाठा.